पानिपत मुलांना सांगताना

वाचकहो, ग्वाल्हेरच्या ज्या भागात आपल्यापैकी पुष्कळांची घरे आहेत, त्याचे नावच 'लष्कर'. दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून ते पडले. अशा गावात मुलांपासून युद्ध लपवता येत नाही. ते सांगावे कसे, एवढाच प्रश्न.

परवाच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात वर्षांचा नातू शाळेतून आला तो सांगतच, "आजोबा, आज आम्ही अब्दालीला हरवलं!" अब्दाली झाला होता त्याच्याच बाकावरचा मुसलमान मित्र. तो रडत घरी गेला होता.

मी रागावलो नाही. जवळ बसवून १४ जानेवारी १७६१ची गोष्ट सांगितली. दोन महिन्यांहून अधिक काळ मराठे पानिपतावर अडकले होते. रसद तुटली होती. शेवटी माणसे उपाशीपोटी लढायला निघाली. फौजेबरोबर बायका, मुले, यात्रेकरूही होते. "माझ्याएवढी मुलं?" त्याने विचारले. मी हो म्हटले. तो गप्प झाला.

मग इब्राहिमखान गारद्याचे सांगितले. मराठ्यांचा तोफखाना त्याच्याकडे होता. तो शेवटपर्यंत आपल्या बाजूने लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन वाटेत पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना आपल्या पखालीच्या बैलावर घालून दक्षिणेत नेले, असे सांगतात. महादजी जन्मभर लंगडत चालले. पण त्या भिस्त्याला त्यांनी भाऊ मानले आणि सरदारकीला चढवले. ज्या दौलतीच्या चाकरीसाठी आपले पूर्वज इकडे आले, ती उभारणारा माणूस एका पाणक्याने वाचवला होता.

आपल्या बोलण्यात 'पानिपत होणे' म्हणजे धुळधाण. मुलांच्या हाती आपण तेवढेच देतो, पराभव आणि राग. भूक सांगत नाही, भिस्ती सांगत नाही. दवाखान्यात लहान मुलाला मी गोळ्या कमी देतो, औषध मात्र तेच असते. इतिहासाचेही तसेच असावे. प्रेतांची वर्णने नकोत. पण उपाशी कोण होते, पाणी कोणी दिले आणि परत कोण आले नाही, हे तीन प्रश्न सात वर्षांच्या मुलालाही कळतात.

आम्हा जैनांकडे क्षमा मागण्याचा दिवस पर्युषणात येतो. त्या वर्षी आमच्या घरी तो संक्रांतीलाच आला. नातू तिळगूळ घेऊन मित्राकडे गेला. मित्राने तो घेतला. बोलला मात्र दोन दिवसांनी.