समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ): काय करू शकतात, काय नाही?

समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे गावच्या उपकेंद्रात, म्हणजेच आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रुग्ण तपासणारे प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून हे पद सुरू झाले. परिचारिका किंवा बीएएमएस पदवीधर समुदाय आरोग्याचे जादा प्रशिक्षण घेऊन या पदावर येतात.

गरज का आहे?
इचलकरंजीलगतच्या कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ अशा गावांत यंत्रमाग कामगारांची मोठी वस्ती आहे. बारा तासांची पाळी करणाऱ्याला गोळ्या आणायला खाडा करावा लागला, की हळूहळू गोळ्याच बंद होतात. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काहीच त्रास जाणवत नाही. कधी कधी पक्षाघात झाल्यावरच तो कळतो. म्हणून घराजवळ नियमित तपासणी महत्त्वाची.

सीएचओ काय करतात?
• तिशीनंतर दरवर्षी रक्तदाब व साखरेची तपासणी
• तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी (मावा, तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड जरूर दाखवावे)
• सर्दी-ताप, जुलाब अशा साध्या आजारांवर उपचार
• डॉक्टरांनी सुरू केलेल्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पुढे देणे
• 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरांशी सल्लामसलत

काय करत नाहीत?
रक्तदाब किंवा मधुमेहाचे निदान पक्के करून पहिली गोळी सुरू करणे, तसेच औषध बदलणे, हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचे. सीएचओंनी वरच्या दवाखान्यात पाठवले, तर ती टाळाटाळ समजू नका. वेळेवर पाठवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

परदेशातल्यासारखेच का?
इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या प्रगत परिचारिका निदान करतात, औषधेही लिहून देतात. सीएचओंचे अधिकार त्याहून मर्यादित आहेत. भारतात अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; तो वेगळा.

उपकेंद्रात न थांबता १०८ ला फोन कधी करावा?
छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे. यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठा. त्रास नसला, पण रक्तदाब १८०/११० किंवा अधिक भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवा: उपकेंद्रात जाताना जुनी चिठ्ठी व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका.