राज्याविना वारस



निजामाचे नाव निघाले की आपल्या मराठवाड्याला दोनच गोष्टी आठवतात : रझाकार आणि १७ सप्टेंबर १९४८. ते साहजिकच आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी तो काळ अंगावर काढला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि त्या जिल्ह्याचे नावच मुळी सातव्या निजामावरून, मीर उस्मान अली खानावरून, पडलेले. राज्य गेले, पण राज्याच्या वारसाचे पुढे काय झाले? आजचा माझा विषय तो आहे. मी कामगार चळवळीतला माणूस. राजपुत्राची थोरवी गायला येथे उभा राहिलेलो नाही.

उस्मान अलींचा थोरला मुलगा आझम जाह. १९३६ साली त्याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. किताब वऱ्हाडचा आणि कारभार इंग्रजांचा! अमरावती-अकोल्याचा सारा त्याच्या हाती कधी आला नाही. हाती आली ती नावे. नांदेडची गिरणी उस्मानशाही, वारंगळची १९३४ सालची गिरणी आझमजाही. बापाच्या नावाचा भोंगा नांदेडला वाजे, मुलाच्या नावाचा वारंगळला. आज दोन्ही मुके आहेत.

असाच एक युवराज कोरियात झाला, यी उन त्याचे नाव. १९०७ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, जपान्यांनी त्याला शिक्षणाच्या मिषाने तोक्योला नेले. १९१० साली त्याचा देशच जपानने गिळला. त्याचे लग्न जपानी राजघराण्यात लावले, त्याला जपानी सैन्यात सेनापती केले. १९४५ साली कोरिया सुटला, पण नव्या प्रजासत्ताकाला तो नकोसा होता. १९६३ साली मायदेशी परतला तो आजारी अवस्थेत. त्याला मृत्यू आला १ मे १९७० रोजी, म्हणजे कामगारदिनी. आझम जाहही त्याच वर्षी गेला.

आझम जाहला मात्र परक्याने नव्हे, बापानेच दूर सारले. उस्मान अलींनी गादी दिली ती नातवाला, मुकर्रम जाहला. हा मुलगा १९३३ साली फ्रान्समध्ये नीस येथे जन्मला. आई दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. १९२४ साली पदच्युत झालेल्या त्या खलिफाला निजाम दरमहा तनखा पाठवीत असे. त्याच्यासाठी खुलताबादेजवळ एक कबरही बांधली गेली. तो १९४४ साली पॅरिसमध्ये वारला आणि दहा वर्षांनी मदिनेत दफन झाला. आपल्या मराठवाड्यातली कबर रिकामीच राहिली. डून स्कूल, हॅरो, केंब्रिज, सँडहर्स्ट, असे सगळे शिक्षण मुकर्रम जाहला दिले गेले. ज्या कामासाठी दिले, ते काम तेवढे शिल्लक नव्हते.

फेब्रुवारी १९६७ मध्ये उस्मान अली वारले. नातवाकडे आले राजवाडे, जडजवाहीर, आणि नोकर व आश्रित मिळून सुमारे चौदा हजार माणसे! निव्वळ झुंबरे पुसायला माणसे, निव्वळ पाणी आणायला माणसे. त्यांचे पगार चालत ते कोणाच्या जिवावर? संस्थानचा जवळजवळ दहावा हिस्सा मुलूख ‘सर्फ-ए-खास’ होता. त्याचा सारा राज्याच्या तिजोरीत न जाता निजामाच्या खासगी तिजोरीत जाई. १९४९ साली ती जहागीर संपली. १९७१ साली तनखेही रद्द झाले. खर्च उरला, आणि नातेवाइकांचे दावे उरले.

मुकर्रम जाह उठला आणि ऑस्ट्रेलियात गेला. पश्चिम किनाऱ्याजवळ लाखो एकरांचे मेंढ्यांचे कुरण त्याने घेतले. तेथे तो स्वतः बुलडोझर चालवी, यंत्रे खोलून दुरुस्त करी. मला हा माणूस येथे प्रथम आवडतो, हे कबूल केले पाहिजे. पण हात तेलाने माखून घेण्याची ही चैन त्याला परवडली, आणि मागे हैदराबादेत जी माणसे त्याच्या नावावर होती त्यांना पळून जायला कुरण नव्हते. अखेर ते कुरणही गेले, आणि तो तुर्कस्तानात राहू लागला.

दागिन्यांचा हिशेब मात्र चोख झाला. १९९५ साली भारत सरकारने १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले. १९४८ सालापासून लंडनच्या बँकेत अडकलेल्या दहा लाख पौंडांचे व्याजासह साडेतीन कोटी झाले; २०१९ साली निकाल भारत सरकार आणि निजामाचे नातू यांच्या बाजूने लागला. एकाहत्तर वर्षे वकील झगडले. वारस गिरणीकामगारालाही असतो. गिरणी बंद पडली की त्याची विधवा भविष्यनिर्वाह निधीसाठी वारसाचा दाखला घेऊन कचेरीचे उंबरठे झिजवते. त्या चौदा हजारांच्या वारसांसाठी लंडनला कोण उभे राहिले?

१४ जानेवारी २०२३ रोजी मुकर्रम जाह इस्तंबूलमध्ये वारला. देह हैदराबादेत आणून मक्का मशिदीत दफन केला. चौमहल्ला राजवाडा आता तिकीट काढून पाहता येतो, आणि तेथली झुंबरे आजही लखलखीत आहेत. आपणांपैकी कोणी गेलात, तर ती पुसणाऱ्याला जरूर विचारा, तो कायम आहे की कंत्राटी.