कैली मापांचे गणित आणि प्राथमिक शाळा

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात अक्षरओळखीची चर्चा पुष्कळ झाली आहे. मापांच्या शिक्षणाची त्या मानाने फारच थोडी. वस्तुतः पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी व औटकी तोंडपाठ करून घेण्यात जो काळ जाई, त्याचे प्रयोजन बाजारातील व्यवहारात होते. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या टीकाकारांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली, असा धान्याच्या मापांचा क्रम होता. दूध-तेलाच्या व्यवहारातील शेर, अच्छेर, पावशेर व नवटाक हीही अशीच निमपटीची साखळी होय. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. अशा पद्धतीत रूपांतर करणे म्हणजे निम्मे करणे किंवा दुप्पट करणे. लहान भांडे दोनदा ओतले की मोठे भरते, हे मुलाने घरी पाहिलेलेच असे. शाळेत त्याला फक्त बोल मिळत. पायलीच्या वर, बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी या ठिकाणी, हा सोपा क्रम मोडे आणि पाठांतराचा आधार अपरिहार्य होई.

तथापि या पद्धतीत एक मोठी अडचण होती. शेर हा शब्द कैली मापालाही होता व वजनालाही. 80 तोळ्यांचा वजनी शेर आजच्या हिशेबाने सुमारे 933 ग्रॅम भरतो. कैली शेर मात्र गावोगाव निराळा. शिवाय धान्य शिगेने मोजावे की सपाट, हा वाद निराळाच. दुधाला शीग नसते. त्यामुळे द्रवाचे माप मुलांना समजावण्यास खरोखर अधिक निर्दोष होते. कोकणातील मोजणीच्या कामी असलेल्या थॉमस बेस्ट जर्व्हिस यांनी 1830 नंतरच्या दशकात या अव्यवस्थेवर लिहून सर्व हिंदुस्थानासाठी एकच शास्त्रीय पद्धती सुचविली. त्यांचे बंधू जॉर्ज जर्व्हिस हे मराठीतील आरंभीच्या गणितग्रंथांचे कर्ते, हा योगायोग लक्षणीय आहे.

इंग्रजी अंमलात यावर आणखी एक कोष्टक चढले: 4 जिलांचा पिंट, 2 पिंटांचा क्वार्ट, 4 क्वार्टांचा गॅलन. 1824 च्या कायद्याने गॅलन 10 पौंड पाण्याच्या आकारमानावर बसविला होता. खेड्यातील मुलाच्या घरी यांपैकी एकही भांडे नव्हते. उदाहरणे सुटत, पण ती कशाची हे कळत नसे.

1956 च्या वजने व मापे कायद्यानंतर, 1958 च्या ऑक्टोबरपासून, दशमान वजने-मापे टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. लिटर व मिलिलिटर यांच्यातील रूपांतर आता केवळ दशांशचिन्ह सरकविण्याचे झाले. परंतु संक्रमणकाळातील शिक्षकापुढचा प्रश्न निराळा होता: शेराचे लिटर किती? वजनी शेराचे किलोग्रॅम ठरीव होते. कैली शेराला सर्वत्र लागू पडणारा एकच गुणक देणे अशक्य होते. जुन्या अव्यवस्थेचा हिशेब असा वर्गात येऊन पोचला. (लिटरही त्या वेळी पूर्णतः निःसंदिग्ध नव्हता. 1901 च्या व्याख्येनुसार तो एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान, म्हणजे 1000 घनसेंटिमीटरांहून किंचित अधिक होता. 1964 मध्ये तो नेमका 1000 घनसेंटिमीटर ठरविण्यात आला. प्राथमिक वर्गाला हा फरक सांगण्याचे अर्थातच कारण नव्हते.)

नव्या पद्धतीत लाभ मोठा झाला, यात शंका नाही. मात्र हजाराचा गुणक डोळ्यांना दिसत नाही. एक मिलिलिटर हजारदा ओतून लिटर भरून दाखविणारा शिक्षक विरळाच. दोन कोळव्यांचे चिपटे मात्र कोणीही दाखवू शके. घरोघरची भाषा या बाबतीत पाठ्यपुस्तकापेक्षा जुन्या क्रमाशी अधिक एकनिष्ठ राहिली आहे. पुस्तकात 250 मिलिलिटर लिहिणारे मूल दूध आणावयास जाते तेव्हा पाव लिटरच मागते, आणि भाजीवाल्याकडचा पावशेर आता 250 ग्रॅमांचा असतो.