एसडीए म्हणजे नेमकी कोणती डिस्क?

शाळेतल्या एका जुन्या संगणकात आम्ही दुसरी हार्ड डिस्क बसवत होतो. जुन्या, 320 गिगाबाइटच्या डिस्कवर मुलांनी घेतलेल्या तीन पावसाळ्यांच्या नोंदी होत्या आणि त्यांची दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. जुनी ती 'एसडीए', नवी ती 'एसडीबी' असे धरून एसडीबी कोरी करण्याची आज्ञा टाइप केली. एंटर दाबणार, तोच शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "सर, नवी डिस्क 1 टेराबाइटची ना? मग यादीत एसडीबीपुढे 298 का दिसतंय?" (डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि ही यादी 1024 च्या, म्हणून 320 चे 298 होतात.) जुनी डिस्कच एसडीबी झाली होती.

असे का व्हावे? त्यासाठी थोडे मागे जाऊ. ऑगस्ट 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. एटी जातीच्या डिस्कखेरीज दुसरी कोणतीही डिस्क तिच्यावर बहुधा कधीच चालणार नाही, असेही त्याने सांगितले. कारण साधे होते : त्याच्याकडे तेवढीच होती!

या जातीच्या, म्हणजे आयडीई डिस्कना नाव मिळे ते जागेवरून. संगणकात दोन केबल, प्रत्येकीवर दोन जागा. पहिल्या केबलवरची पहिली डिस्क एचडीए, दुसरी एचडीबी. दुसऱ्या केबलवर एचडीसी आणि एचडीडी. मधली जागा रिकामी असली तरी एचडीसी ही एचडीसीच राही. वर्गात बाकावरून मूल ओळखावे, तसे हे होते.

एससीएसआय जातीच्या महागड्या डिस्कची रीत निराळी होती. ड्रायव्हरला जी आधी सापडेल ती एसडीए, पुढची एसडीबी. म्हणजे हजेरीला जो आधी 'हजर' म्हणेल, त्याचा क्रमांक एक! यूएसबीचे पेन ड्राइव्ह आणि साटा डिस्क आल्या, तेव्हा त्यांचे ड्रायव्हर याच एससीएसआय व्यवस्थेवर उभारले गेले. साटासाठी जेफ गार्झिक यांनी लिहिलेली 'लिबएटीए' ही व्यवस्था पुढे जुन्या आयडीई डिस्कही सांभाळू लागली. 2007 च्या फेडोरा 7 मध्ये ती लागू झाली आणि कालची एचडीए आज एसडीए झाली. आयडीई डिस्कचे 63 पर्यंत भाग पाडता येत, एससीएसआय पद्धतीत 15 च. ज्यांनी हौसेने जास्त भाग पाडले होते, त्यांची पंचाईत झाली.

नावाइतकीच ड्रायव्हरचीही अडचण होती. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर तर डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटातच! यावर 1996 च्या सुमारास 'इनिटआरडी' हा उपाय आला. गरजेचे ड्रायव्हर असलेली एक छोटी गठडी कर्नलबरोबरच स्मृतीत चढवायची आणि मग खरी डिस्क उघडायची. या गठडीत योग्य ड्रायव्हर नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही संगणक सुरू होत नाही. अशा वेळी पुष्कळजण डिस्कलाच दोष देतात.

नावांचा गोंधळ सुटला तो 2003 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढे आणलेल्या 'यूडेव्ह'मुळे. एसडीए, एसडीबी ही नावे राहिलीच. पण प्रत्येक डिस्कला तिचे मॉडेल आणि अनुक्रमांक यांवरून दुसरे, न बदलणारे नावही मिळू लागले. शाळेतल्या जनरल रजिस्टर नंबरासारखे हे नाव, मूल कुठल्याही बाकावर बसो. शिवाय डिस्कचा भाग तयार करताना त्यावर 128 बिटांची एक खूण लिहिली जाते, तिनेही तो ओळखता येतो. जुना आयडीई ड्रायव्हर 2021 मध्ये कर्नलच्या 5.14 आवृत्तीतून काढून टाकला गेला आणि एचडीए हे नावही संपले.

आमची नवी डिस्क कोरी, तिच्यावर अशी खूण असणार कुठून? मग यूडेव्हच्या यादीतला अनुक्रमांक डिस्कवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहिला. बाईंनी आकडे मोठ्याने वाचले, आम्ही पडद्यावर बोट ठेवले आणि त्याच नावाने आज्ञा दिली.

दोन दिवसांनी पेन ड्राइव्ह काढून संगणक सुरू केला, तर जुनी डिस्क पुन्हा एसडीए झाली होती. पावसाच्या नोंदी जागच्या जागी होत्या.