पहिल्या घासाचा मान

आश्विन पौर्णिमेला घाटावर कोजागरीचं दूध आटत असतं, तेव्हा कोकणात नवं बांधायची गडबड चाललेली असते. तिथे हीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, वरी आणि कुरडूचं फूल आंब्याच्या पानात धरायचं आणि घट्ट बांधून जुडी करायची. एक जुडी देव्हाऱ्यात, एक दाराच्या चौकटीला, एक कणगीला आणि हल्ली एक मोटारसायकलच्या हँडललाही. नव्या तांदळाची खीर देवापुढे ठेवल्याखेरीज घरातलं कोणी नवा दाणा तोंडात घालत नाही.

याला आपण कृतज्ञता म्हणतो. देवानं दिलं, म्हणून देवाला आधी. पण या रीतीची कुळी काढत मागे गेलं, की आभारांच्या आधी भेटते ती धास्ती, आणि रांगेत पुढे कोण याची घासाघीस.

श्रौत यज्ञांत या विधीला आग्रयण म्हणतात. पावसाळ्यात सावा, शरदात भात, वसंतात जव. ज्या धान्याचा हंगाम त्याची इष्टी, म्हणजे छोटा यज्ञ, आणि ती होईपर्यंत ते धान्य खायचं नाही. हे करायचं कशासाठी, याची दोन उत्तरं शतपथ ब्राह्मणात शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. पहिलं कहोड कौषीतकीचं, ते एका दमात संपतं. वनस्पतींतला रस मुळात द्यावापृथिवीचा, म्हणजे आकाशाचा आणि भूमीचा. त्यातला देवांना देऊन मग आपण खाऊ. बस, एवढंच.

दुसरं उत्तर याज्ञवल्क्याचं आणि ते चांगलंच लांब आहे. देव आणि असुर दोघेही प्रजापतीची लेकरं. असुरांनी चेटूक आणि विष वापरून वनस्पती नासवल्या. माणसं खातात त्याही आणि गुरं खातात त्याही. प्रजा अन्नावाचून मरू लागली. देवांनी यज्ञानं ते विष उतरवायचं ठरवलं, पण लगेच प्रश्न आला की या यज्ञातला भाग कोणाचा? एकमत होईना. मग चक्क धावायची शर्यत लागली आणि इंद्र व अग्नी जिंकले. म्हणून पहिला पुरोडाश, म्हणजे पिठाची जाड पोळी, त्या दोघांचा, बारा कपालांवर, म्हणजे खापरांवर, भाजलेला. विश्वेदेव मागाहून आले, त्यांना चरू, म्हणजे शिजवलेलं धान्य. द्यावापृथिवीला शेवटी एका कपालावरचा पुरोडाश. ज्यांचा तो रस असं कहोड म्हणाला होता, त्यांचं पान सगळ्यांत शेवटी! ऋत्विजांची दक्षिणा मात्र आठवणीनं जुळवलेली आहे, त्या हंगामातलं पहिलं वासरू.

मला कहोडाचं उत्तर जवळचं वाटतं, पण जुनी खूण याज्ञवल्क्याच्या गोष्टीत असावी. नवं धान्य आधी धोक्याचं आहे, ते निवळून घ्यायला हवं. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात हीच धास्ती उरलेली दिसते. अग्निहोत्र्यानं नवसस्येष्टी केल्याशिवाय नवान्न खाऊ नये. कारण अग्नीही नव्या अन्नाचे हावरे असतात, आणि त्यांना ते मिळालं नाही तर ते यजमानाचे प्राणच खायला बघतात.

ही भीती अगदीच हवेतली नव्हती. ताजा तांदूळ पोटाला जड, वैद्यकातही नवं धान्य कफ वाढवणारं आणि वर्षभर मुरलेलं हलकं मानलं आहे. ज्यांनी पावसाळ्याचे शेवटचे महिने अर्ध्या पोटी काढले, ते पहिल्या कापणीवर तुटून पडले तर आजारी पडणारच. तेव्हा आधी हवनापुरतं, मग चमचाभर खीर, मग भात, ही चाल शहाणपणाचीच. मात्र सगळी रीत पोटदुखीतून उगवली असं म्हणणाऱ्याला मी त्याच ग्रंथांतली एक सवलत दाखवीन. श्रौतसूत्रांत सोय अशी आहे की इष्टी करणं झालं नाही, तर अग्निहोत्राच्या गाईला नवं धान्य चारावं आणि तिच्या दुधाची आहुती द्यावी. इथे पथ्याचा संबंध कुठे येतो? दाणा माणसाच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी मुखी लागला पाहिजे, मग ते मुख गाईचं का असेना.

रीतीचा गाभा मला इथे दिसतो. पहिला घास आपला नाही. घाबरून द्या किंवा प्रेमानं द्या, तो आधी काढून ठेवायचा. भावना मागाहून येते, हात आधी थांबतो. पुढे गीतेच्या तिसऱ्या अध्यायानं हा नियम हंगामापुरता न ठेवता रोजच्या ताटावर आणला. देवांनी दिलेलं त्यांना न देता खाणारा चोर ठरला, आणि फक्त स्वतःसाठी रांधणारा पाप खाणारा. ताटाभोवती पाणी फिरवून चार शितं बाहेर ठेवणारी चित्राहुती याच जातीची. वर्षातून दोन-तीनदा पाळायचा संयम रोज दोनदा आला, आणि विषाची गोष्ट विसरली गेली. आध्यात्मिक उन्नती हा फार मोठा शब्द आहे. पण भीतीचं ऋणात आणि ऋणाचं सवयीत असं जे रूपांतर झालं, त्याला तो शोभतो.

खळ्यावर हा नियम जरा वेगळा दिसे. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मोजणी दोनपासून चालू. राशीची पूजा होई, देवाचा वाटा निघे आणि मग माणसांची रांग लागे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ही रांग दाखवली ती काही भक्तिभावानं नव्हे. अलुते, बलुते, फिरस्ते, मागते. सगळ्यांचे हात भरता भरता कुणबी कसा पिळून निघतो, हे त्यांनी निष्ठुरपणे लिहिलं. ‘आपला नाही’ हा नियम ज्याच्या घामाचं धान्य त्यालाच सगळ्यांत जास्त लागू पडे. सुगीच्या कृतज्ञतेवर गोड लिहिणाऱ्यांनी तेवढं वाचून ठेवावं.

मान कोणाचा, हा वाद गोव्यात तर सरकारी कागदावर चढला. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं १५२६ साली तिथल्या गावकारीच्या, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीती लिहून काढल्या. त्यात ताळगावच्या गावकारांचा हक्क नोंदला आहे. भाताला पहिला विळा त्यांनी लावायचा, आणि पेंढी शहरातल्या मुख्य चर्चच्या वेदीपुढे न्यायची. गावकारांना पांघरायला वस्त्र द्यायचं, तेही सरकारी खर्चानं. पोर्तुगिजांना येऊन जेमतेम सोळा वर्षं झाली होती. त्यांनी हा मान नवा निर्माण केला की आधीचाच उचलून फक्त वेदी बदलली, यावर वाद घालता येईल. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं.

ताळगावात कणसांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, आजही २१ ऑगस्टला होतं. सासष्टीतल्या रायला ते त्याच्याही आधी, ५ ऑगस्टला. पाद्री वाजतगाजत शेतात जातात, विळ्यानं कणसं कापतात, आशीर्वाद देऊन वाटतात. लोक ती घरी नेऊन वेदीपाशी ठेवतात. रायचं चर्च हिमांच्या सायबिणीचं, म्हणजे मेरीचं, आणि तारीख आली ती रोममध्ये ऐन ऑगस्टात बर्फ पडल्याच्या आख्यायिकेवरून. गोव्यात तेव्हा पाऊस कोसळत असतो, लोंब्या कशाबशा भरलेल्या असतात. शेजारच्या हिंदू घरांत हेच कणीस चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, नव्याच्या पंचमीला येतं. तिथीप्रमाणे ती पुढेमागे होते, त्यामुळे कधी फेस्त आणि पंचमी यांत महिन्याचं अंतर पडतं.

मुंबईला शेत नाही, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात आपट्याच्या आणि झेंडूच्या शेजारी लोंब्यांच्या जुड्या विकायला असतात. घेणाऱ्याच्या घरातला तांदूळ मात्र गेल्या सालचा, कारण वाण्याकडे जुन्याला नव्यापेक्षा भाव जास्त. नवा दाणा घरात येतच नाही, त्यामुळे थांबायचा प्रश्नही उरत नाही. तरी जुडी दाराला लागते, आणि बरीच माणसं ती आणताना भाव करत नाहीत.