वस्तू कापून पाहणारा मास्तर

उसाचं कांडं कोयत्यानं सरळ तोडलं तर तोंडावर वर्तुळ दिसतं. तिरकं तोडलं तर तेच वर्तुळ लांबट होतं, लंबवर्तुळ होतं. कुंडल-पलूसच्या शिवारात तोडणीच्या हंगामात हे रोज हजारो वेळा घडतं. गुळाची ढेप घ्या. आडवी कापली की वर्तुळ. वर कापा नाहीतर खाली, लहान-मोठं एवढाच फरक. मधोमध उभी कापली की मात्र समलंब चौकोन. घनाचा कोपरा छाटला की त्रिकोण मिळतो, हे सहज पटतं. पण समोरासमोरचे दोन कोपरे जोडणाऱ्या आतल्या कर्णाला काटकोनात, बरोबर मध्यातून घन कापला की सहा सारख्या बाजूंचा षट्कोन निघतो. मी कविता लिहिणारा माणूस. मला हे खरं वाटेना, म्हणून एक मोठा बटाटा घनासारखा तासून कापून पाहिला. षट्कोन निघाला! घरच्यांनी नंतर त्याची भाजी केली.

या कापण्याला भूमितीत छेद म्हणतात. शाळेत आपण तो गुणांपुरता शिकतो आणि सोडून देतो. पण याच विद्येच्या आधारानं एक कारखाना उभा राहिला, तोही कुंडलच्या शेजारी. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव तेव्हा ‘कुंडल रोड’ होतं. आज आपण त्याला किर्लोस्करवाडी म्हणतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला यापेक्षा मोठा धक्का कुठला? त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. त्यांच्या चरित्रात या गोष्टीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकतात. मला मात्र सगळ्याचं मूळ तिथेच दिसतं. रंग नसलेल्या, नुसत्या रेघांच्या चित्रात त्यांना वस्तूचं पोट पाहायची सवय लागली.

हे रेखाटन शास्त्र म्हणून बांधलं ते अठराव्या शतकात फ्रान्सच्या गास्पार मोंज यानं. घन वस्तू कागदावर वरून, समोरून, बाजूनं अशी मांडायची की तिची कुठलीही लांबी त्यातून काढता यावी. किल्ले बांधायला ही रीत इतकी उपयोगी ठरली की कित्येक वर्षं ती लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली होती. वस्तू आतून पोकळ असेल तर बाहेरची तिन्ही चित्रं अपुरी पडतात. मग मनातल्या मनात वस्तू कापायची, पुढचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि राहिलेल्याचं तोंड काढायचं. जिथे करवत धातूतून गेली असती तिथे तिरप्या समांतर रेघा, जिथे पोकळी तिथे कोरा कागद.

ओतकामात या रेघांशिवाय पान हलत नाही. बीड ओतायचं तर आधी लाकडाचा नमुना करतात, त्याला कारागीर पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढला की वाळूत त्याच्या आकाराचा खळगा राहतो. नमुना वाळू न मोडता वर निघायला हवा, म्हणून तो कुठे दुभंगायचा ते आधी ठरवावं लागतं, आणि तेही एक छेदच. आत पोकळी हवी असेल तर तेवढ्या आकाराचा वाळूचा गाभा खळग्यात बसवायचा. शिवाय बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. म्हणजे सुतार जे लाकडात घडवतो ती प्रत्यक्ष वस्तू नव्हेच!

लक्ष्मणरावांचा कारखाना आधी बेळगावला होता. ती जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. राजा स्वतः चित्रकार होता, हे विसरू नये. १९१०मध्ये कुंडल रोडजवळच्या माळावर कारखान्याचं बस्तान बसलं.

माल होता लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन चिरतो. त्याच्या तासाचा आडवा छेद पाहिला तर तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली जमीन तशीच राहते, म्हणून पुन्हा आडवी नांगरट. लोखंडी नांगराचा तास तळाशी सपाट, जवळजवळ चौकोनी. शिवाय मागचं वळलेलं पातं मातीचा पट्टा उचलून उलटा पाडतं. या पात्याचे बोट-बोट अंतरावर छेद घेतले तर प्रत्येक छेद आधीच्यापेक्षा थोडा अधिक कललेला. पुढे ते मातीखाली आडवं शिरतं आणि मागे उभं राहून बाहेर झुकतं. अमेरिकेचा थॉमस जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. त्यानं १७९८मध्ये असं पातं करायची कृतीच लिहून ठेवली होती: लाकडाच्या ठोकळ्याला ठरावीक अंतरावर करवतीचे काप घ्यायचे, प्रत्येकाची खोली वेगळी, आणि मग मधलं लाकूड तासून टाकायचं.

शेतकऱ्याला यातलं काय दिसत होतं? जड, महाग लोखंड. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, अशी तेव्हा समजूत होती. तिला हसू नये. ज्याचं वर्षभराचं पोट त्या वाफ्यावर, तो नव्या वस्तूला भिणारच. पहिले काही नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात. पण आपल्या काळ्या रानातली हराळी मुळासकट उपटायची ताकद याच नांगरात होती, आणि हराळीनं गांजलेल्या माणसाला ती रानात उघडी पडलेली मुळं पुरेशी होती.

पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

१९२६मध्ये कारखान्यानं पंप काढला. फिरत्या चक्राभोवतीचं त्याचं कवच गोगलगायीसारखं असतं. चक्राभोवती फिरत जाल तसा त्या कवचाचा छेद मोठा मोठा होत जातो, कारण चक्राच्या चहूबाजूंनी सुटलेलं पाणी वाटेत त्यात मिळत राहतं. वाट तेवढी रुंदावली नाही तर पाणी कोंडतं.