मालवणात माहितीपट करताय? आधी या परवानग्या घ्या

मालवणच्या किनाऱ्यावर माहितीपट करायचा, तर कॅमेरा काढण्याआधी थोडी कागदपत्रांची तयारी लागते.

किल्ला: सिंधुदुर्ग हे केंद्र संरक्षित स्मारक आहे. तिथे माहितीपट चित्रित करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो.

समुद्र: किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातल्या चित्रीकरणाची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात.

ड्रोन: उडवण्याआधी ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर पाहा.

दशावतार: देवळासमोरचे नाटक कुणीही बघू शकतो, पण माहितीपटात वापरण्यासाठी कलावंतांची संमती हवी. कॉपीराइट कायदा, १९५७ त्यांना सादरीकरणाचे हक्क देतो. एकदा लेखी संमती दिली, की त्या फिल्ममधल्या वापराला त्यांना सहसा हरकत घेता येत नाही. म्हणून सहीआधी कागद नीट समजावून सांगा.

माणसे: एलईडी मासेमारीविरुद्ध बोलणारा रापणकर गावात लगेच ओळखला जातो. शूटिंग संपले की तुम्ही निघून जाता. त्याला त्याच किनाऱ्यावर राहायचे असते. चेहरा दाखवायचा की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.